वेळ संपेपर्यंत मरायचं नाही

"सॉरी म्हण."

मी म्हटलं.

"मोठ्यानं म्हण. ऐकू नाही आलं."

"सॉरी."

"नुसतं सॉरी? मी काय तुझ्याबरोबर शाळेत होतो? सॉरी सर म्हण."

"सॉरी सर."

मग बॅट बसली. डाव्या कानावर. डोक्याला हेल्मेट होतं, पण हेल्मेटच्या आत आवाज कसा होतो ते सांगतो. पत्र्याच्या डब्यात डोकं घालावं आणि बाहेरून कुणी दगड हाणावा, तसा. मग बरगडीवर. मग गुडघ्याच्या मागं, जिथं फोम पातळ होता. ही जागा त्याला कशी सापडली देव जाणे. मी खाली आलो. त्यानं बॅटच्या टोकानं माझी हनुवटी वर केली, जाळीतून आत डोकावला आणि म्हणाला, "जंगलातला आहेस ना तू? तुम्हा लोकांना लागत नाही. चामडी जाड असते."

काचेपलीकडं त्याचे मित्र हसले.

आणि आता माझी अक्कल ऐका. मी पण हसलो. हेल्मेटच्या आत. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसायचं, ही सवय. माझं हसणं तिथं कुणाला दिसणार होतं? कुणालाच नाही. तरी दात काढले.

हे सगळं गंगापूर रोडला. दिवसाढवळ्या, एसीत. एका दुकानांच्या इमारतीच्या मागच्या बाजूला रोहन सरांनी राग काढायची जागा उघडली होती. खोटं नाही सांगत. लोक फोन करून वेळ ठरवायचे, यायचे, फोडाफोडी करायचे आणि हलके होऊन जायचे. दोन खोल्या. पहिलीत बाटल्या, बशा, जुने टीव्ही आणि फोडायला लोखंडी हातोडा. दुसऱ्या खोलीत मी.

मी पेठ तालुक्यातला. डोंगरातला. घरी भात आणि नागली. पाऊस सरला की अर्धा गाव दिंडोरीकडं द्राक्षांच्या बागांत. मीही बरीच वर्षं तेच केलं. घड दाट झाले की मधले मणी काढून विरळ करायचे, मान वर करून, दिवसभर. मग मान धरायला लागली म्हणून नाशिकला आलो आणि एका भंगारवाल्याच्या टेम्पोवर लागलो. विंचूरच्या बाजूनं वाइनच्या रिकाम्या बाटल्या आणायच्या आणि सरांकडं उतरवायच्या, लोकांनी फोडाव्या म्हणून. म्हणजे द्राक्षं मीच विरळायची, बाटली मीच वाहायची, पुढं पुढं काचाही मीच झाडायला लागलो. मधलं पिणं तेवढं दुसऱ्यांकडं.

एकदा बाटल्या उतरवताना सरांनी मला खालून वर बघितलं. बैल बघतात तसं.

"उंच आहेस. माझ्याकडं काम आहे. नुसतं उभं राहायचं. करशील?"

मी म्हटलं, "उभं राहायला काय लागतंय सर."

माझ्या आयुष्यातल्या मूर्ख वाक्यांची यादी करायची तर हे वाक्य वरच्या नंबरला येईल.

पोशाख लाल होता. जाडजूड फोमचा. पाठीला काटे, डोक्याला शिंगं, शिंगांच्या खाली जाळीचं हेल्मेट. सर म्हणाले, "तू राक्षस."

सरांना वाटलं असेल, याला वाईट वाटेल. मला केवढा आनंद झाला. आमच्याकडं राक्षस होणं म्हणजे साधी गोष्ट नाही. आमच्या गावात उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांची आणि दैत्यांची सोंगं नाचतात, संबळ वाजतो, सनई वाजते. कोणत्या घरानं कोणतं सोंग घ्यायचं हे ठरलेलं असतं. आमच्या घराकडं दैत्य, माझ्या आज्यापासून. मुखवटा चढवायच्या आधी नारळ फोडतात. बाया ओवाळतात, पाया पडतात. हो, दैत्याच्याही. आणि लढाई होते ती नाचत. देव पुढं आला की दैत्य मागं, दैत्य पुढं आला की देव मागं. तलवारीला तलवार लागते, अंगाला लागत नाही. शेवटी दैत्य पडतो, मग चार माणसं त्याला उचलतात, पाणी पाजतात. सोंगातल्या माणसाच्या अंगाला हात लावायची कुणाची टाप नाही.

म्हणून मी सरांना विचारलं, "सर, नारळ?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, आत गेले आणि शहाळं घेऊन आले. त्यात नळी खोचलेली. "घे. पण पोशाखावर सांडू नको, ड्रायक्लीनला जातो."

मी त्या शहाळ्यालाच नमस्कार केला आणि आत शिरलो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतल्या एक बाई. चष्मा, शांत चेहरा, हातात ती भलीमोठी बॅट. मी वाकून त्यांना नमस्कार केला. मग कमरेत झुकून मागं गेलो, पुढं आलो, गिरकी घेतली. मनात संबळ चालू होता. बाई घाबरून काचेकडं बघायला लागल्या. वरच्या स्पीकरमधून सरांचा आवाज आला, "नाचू नको रे. उभा राहा."

बाईंनी एक मारली. मला वाटलं, नवीन आहेत, अंदाज चुकला. दुसरी मारली. तिसरीला मी रीतीप्रमाणं पडलो. हातपाय पसरून, जीभ बाहेर काढून. आज्यानं शिकवलेलं मरण, त्यात हयगय नाही.

बाई किंचाळल्या, "अहो, मेला का हा?"

सर धावत आले. मी एक डोळा उघडून हळूच म्हटलं, "उचला ना."

बाहेर नेऊन सरांनी समजावलं. आवाज चढवला नाही, सर आवाज कधीच चढवत नसत. "हे बघ, त्यांनी वेळ बुक केलेला असतो. वेळ संपेपर्यंत मरायचं नाही."

हे वाक्य मी कितीतरी दिवस सगळ्यांना हसत हसत सांगितलं. भंगारवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. बायकोला, हिराला, अगदी ॲक्टिंग करून सांगितलं. ती हसली नाही.

मग शिकलो. उभं राहायला शिकलो. खांदा कसा द्यायचा, पोट कसं आवळायचं, मार येताना श्वास कधी सोडायचा. लोकही कळायला लागले. कुणाचं प्रमोशन अडलेलं, कुणाची सून उलट बोललेली, कुणाला सिटी सेंटरच्या चौकात सिग्नल लाल मिळालेला. बहुतेक जण दोनचार मारून दमायचे, सेल्फी काढून जायचे. जाताना "थँक यू हं" म्हणायचे. वाईट नव्हते बिचारे.

पांढऱ्या बुटांचा तो मात्र वेगळा. सॉरी म्हणायला लावणारा तोच. बूट इतके पांढरे की त्याला मी तेच नाव ठेवलं. त्याला राग कशाचा, तर बंगल्याच्या फरश्या इटलीहून यायच्या होत्या आणि जहाज कुठंतरी अडकलं होतं. जहाज अडकलं समुद्रात आणि बरगड्या सुजल्या पेठच्या माणसाच्या. एवढ्या लांबच्या गोष्टीशी माझा संबंध याआधी कधी आला नव्हता.

त्या दिवशी, सॉरी सर म्हणून म्हणून घसा बसलेला, मी घरी गेलो. पेठ रोडच्या मागं आमची पत्र्याची खोली. हिरा भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, पाणी दे. ती म्हणाली, घे की, माझे हात पिठाचे हायत. एवढंच. मी हंडा लाथेनं उडवला. पाणी चुलीपर्यंत गेलं. भाकरी भिजली. मग पातेलं. मग कुकर भिंतीवर. त्याचा कान तुटला, झाकण बसेना, आणि पुढचे कितीतरी दिवस कच्ची डाळ मीच चावत होतो. दुसऱ्यांना फोडाफोडी करायला वेळ ठरवावी लागते. मी घरी फुकट करत होतो, आणि स्वतःचीच.

हे एकदा झालं नाही. व्हायला लागलं. पांढरे बूट आले की घरात काहीतरी फुटायचं. हिरा आधी भांडी बाजूला सरकवायची. मग सरकवणंही सोडलं तिनं. नुसती बघायची. एका संध्याकाळी मी ताट भिरकावलं. ते तिच्या कानाजवळून गेलं. मला वाटलं, नेम चुकवून फेकलं. पण नेम चुकवायला मी नेम धरला होता का, हे मला आजही सांगता येत नाही.

हिरानं ताट उचललं. पोचा बघितला. माझ्यासमोर बसली.

"तू तिथं मार खातोस न् इथं येऊन भांडी फोडतोस. हंडा सरला, कुकर सरला. आता या घरात फुटायजोगी मीच राहिले."

"तुला नाय कळणार," मी म्हटलं. "तिथं काय होतं ते तुला..."

"माला नाय कळत?" हिरा मखमलाबाद रोडच्या सोसायटीत धुणीभांडी करते. "तिथली बाई माला चहा देती. कप वेगळा. खिडकीत ठेवलाय, झाडाच्या कुंडीपाशी. रोज त्याच्यात मुंग्या असत्यात. रोज मी धुते न् पिते. राग तुलाच येतो का रं? मी कोणाचा हंडा लाथाडू? सांग ना. माझ्या खाली कोण हाय?"

मी ताटाचा पोचा अंगठ्यानं दाबत बसलो.

"ज्या दिवशी माझ्या अंगावर हात येईल," ती म्हणाली, "त्या दिवशी मी गावच्या गाडीत बसंन. परत यायची नाय. घाबरवायला नाय सांगत. सांगायचं म्हणून सांगते."

हिरा जे बोलते ते करते. म्हणून त्या दिवसापासून मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली. जेवताना मी हात मांडीखाली दाबून बसायचो. भाकरी खायची वेळ आली की मग पंचाईत.

सरांच्या जागेत दर सोमवारी एक मॅडम यायच्या, गिऱ्हाइकांना राग कसा हाताळावा ते सांगायला. एकदा सरांनी आम्हा कामाच्या माणसांनाही बसवलं. फोटो काढायचा होता. मॅडम बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, आपल्याला काहीतरी हवं असतं आणि मध्ये भिंत येते, तेव्हा फ्रस्ट्रेशन येतं. ती भावना आहे, त्यात लाज वाटायचं कारण नाही. खोल श्वास घ्या. मनात दहापर्यंत मोजा. फिरून या. आणि रागालाच विचारा, बाबा, तुला नेमकं काय पाहिजे?

मला पटलं. मी सगळं करून बघितलं, खरंच. खोल श्वास घेतला तर हेल्मेटमधला कालचाच घाम आत गेला. दहापर्यंत मोजायला घेतलं तर चारलाच बॅट बसली, पुन्हा एकपासून सुरू. फिरून यायला दार बाहेरून बंद. तेवढा रागाला प्रश्न विचारायचा राहिला होता, तो मी पुढच्या सोमवारी मॅडमनाच विचारला.

"मॅडम, गिऱ्हाइकाचा राग निघतो इथं. तो माझ्यात येतो. माझा कुठं काढायचा?"

मॅडम थांबल्या. चांगल्या होत्या, म्हणून थांबल्या. पण उत्तर सरांनी दिलं, हसत.

"तुला कसला रे राग? पगार वेळेवर, काम एसीत. माज म्हणतात त्याला."

सगळे हसले. मीही. पुन्हा तेच.

पण त्या दिवशी परत येताना तो शब्द पायात काचेसारखा घुसून राहिला. तेव्हा मला एक गोष्ट नीट दिसली. तीच शिवी, तेच लाथाडणं, तेच फोडणं. गिऱ्हाइकानं केलं तर ते फ्रस्ट्रेशन. त्याला मॅडम, त्याला खोली, त्याला पाण्याची बाटली. मी नुसता शब्द काढला तर तो माज. माझ्या बापाला बागेत मुकादमानं दिवसभर उन्हात उभं केलं होतं, तेव्हाही हाच शब्द होता. बाप बोलला काय होता, तर पाणी गढूळ आहे. बाप त्या दिवशी घरी येऊन आईला बडवत होता, हेही मला आठवलं. इतकी वर्षं मी ते दारूच्या खात्यावर टाकलं होतं. बाप दारू प्यायला नव्हता त्या दिवशी.

मध्ये भिंत येते म्हणाल्या होत्या ना मॅडम. भिंत ती होती.

त्यानंतरच्या आठवड्यात पांढरे बूट वाढदिवस घेऊन आले. मित्र, केक, फोन उघडलेले. थोडी मारामारी झाल्यावर तो थांबला. बॅट खांद्यावर घेऊन सरांना म्हणाला, "याचं तोंड बघायचंय. हेल्मेट काढा ना. तोंड दिसल्याशिवाय मजा नाही."

सर आत आले. "पाच मिनिटं. बॅट फोमची आहे. बर्थडे आहे त्यांचा."

मी म्हटलं, "नाही सर."

मला माझाच आवाज नवीन वाटला. हेल्मेटमध्ये तो घुमला आणि माझ्याच कानात परत आला. नाही सर. मला आवडला.

"काय नाही?"

"हेल्मेट काढणार नाही. आणि आज त्यांना सॉरीही म्हणणार नाही."

सर हसले, गिऱ्हाइकासमोर. "माज बघा." आणि त्यांनी स्वतः माझ्या गळ्याचा पट्टा सोडला. पोशाखाचे हात इतके जाड की मला माझाच हात तोंडापर्यंत नेता येत नव्हता. शिंगांसकट हेल्मेट निघालं. एसीची थंड हवा घामावर लागली. काचेपलीकडं सगळे फोन माझ्या तोंडावर.

"अरे, हा तर माणसासारखा दिसतो," पांढरे बूट म्हणाले. आणि मारली.

बॅट फोमची असते. पण फोमच्या आत प्लास्टिकची नळी असते, हे बॅट उचलणाऱ्यापेक्षा खाणाऱ्याला जास्त माहीत. नाकावर बसली. काहीतरी मोडल्याचा आवाज मला बाहेरून आला नाही. आतून आला. तोंडात गरम, खारट. लाल पोशाखावर रक्त दिसतही नव्हतं.

त्यानं दुसऱ्यांदा उचलली, तेव्हा मी ती पकडली.

हिसकावली. एका झटक्यात आली हातात. त्याच्या हातात जोर नव्हताच कधी, सगळा जोर माझ्या उभं राहण्यात होता. तो मागं सरकला.

"ए, मस्करी होती रे. मस्करी."

आता माझी फजिती सांगतो. मी बॅट पूर्ण ताकदीनं फिरवली आणि काचेवर मारली, जिच्यामागं ते सगळे बसले होते. अख्ख्या जन्माचा राग त्यात होता. बॅट फोमची. काचेवरून उसळून सरळ माझ्याच मोडलेल्या नाकावर. डोळ्यांसमोर अंधार. काचेपलीकडं असं हसू फुटलं की मला वाटलं, आता मरावं. पण वेळ अजून संपायचा होता.

मग मी शेजारच्या खोलीत गेलो. हातमोजे गुडघ्यांत दाबून ओढून काढले. लोखंडी हातोडा घेतला.

परत आलो तेव्हा कुणी हसत नव्हतं. सर दाराशी थिजले होते. पांढरे बूट कोपऱ्यात, खाली बसलेले, दोन्ही हात डोक्यावर. बोटांमधून त्याचा भांग दिसत होता. नीट पाडलेला. एक घाव पुरला असता. मला तो घाव घालायचा होता. हे मी सजवून सांगणार नाही. माझे हात शिवशिवत होते. त्याच्या तोंडून फुटणारा आवाज मला ऐकायचा होता.

तेव्हा मी विचारलं. रागाला. तुला नेमकं काय पाहिजे?

मला दया आली नाही. मला एवढंच कळलं, की हे डोकं फुटलं तर उद्यापासून सगळीकडं याच्या डोक्याची गोष्ट होईल. माझ्या नाकाची कुणी सांगणार नाही. म्हणतील, बघा, जंगली ते जंगलीच. त्याला त्याची गोष्ट मी आयती देणार होतो.

मी हेल्मेट उचललं. त्याच्या पायांपुढं ठेवलं, त्या पांढऱ्या बुटांच्या अगदी जवळ. आणि हाणलं. पहिल्या घावाला शिंग उडालं. दुसऱ्याला जाळी चेपली. पुढं मी मोजलं नाही. प्रत्येक घावाला तो डोळे मिटत होता आणि तोंडानं कसलातरी बारीक आवाज काढत होता. प्लास्टिकचे तुकडे त्याच्या मांडीवर उडत होते. माझं रक्त त्याच्या बुटावर पडत होतं. मी थांबलो तेव्हा ते हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर चढण्यासारखं राहिलं नव्हतं. मग पोशाख अंगातून काढला, हातोड्याच्या मागच्या टोकानं पोटापासून गळ्यापर्यंत फाडला आणि हातोडा खाली ठेवला. हळू ठेवला. फरशी त्यांची चांगली होती.

पोलीस आले. चौकीत हवालदारांनी विचारलं, "राग आला म्हणून कुणाच्या वस्तू फोडतात का?"

मी म्हटलं, "साहेब, तिथं सगळे राग आला म्हणूनच फोडतात. पावती घेऊन."

त्यांना हसू आलं, त्यांनी ते मिशीत दाबलं. माणूस बरा होता. नाकाला लावायला कापूस दिला.

सर आले. आवाज तसाच, न चढवलेला. "नुकसान मी सोडून देतो. तू फक्त दोन ओळी माफी लिहून दे. सोमवारपासून ये. बाटल्यांच्या खोलीत देतो तुला."

माफी. ती मी त्या खोलीत इतकी मागितली होती की माझ्याकडं शिल्लकच नव्हती.

"मला तक्रार द्यायची आहे," मी म्हटलं. "त्यांनी नाक फोडलं, त्याची. यांनी हेल्मेट काढून दिलं, त्याची. आणि जंगलातला म्हणाले, चामडी जाड म्हणाले, त्याची. हसले त्याचीही घ्या, घेता येत असेल तर."

तेवढ्यात हिरा आली. कामावरून तशीच, ओल्या साडीनं. हवालदार तिला म्हणाले, "ताई, समजवा जरा नवऱ्याला. मोठी माणसं आहेत."

हिरानं माझं नाक बघितलं. मग माझे हात बघितले, उलटेपालटे करून. पोरांचे बघतात तसे.

"नाक याचं मोडलंय साहेब," ती म्हणाली. "समजवायचं कोणाला?"

तक्रार सहज घेतली गेली नाही. आमच्या भागातल्या आदिवासी संघटनेची माणसं येऊन बसली, तेव्हा घेतली. आता ती चालू आहे. पांढऱ्या बुटांचा वकील दोनदा घरी येऊन गेला. पेढे घेऊन आला होता. हिरानं पेढ्यांसकट दारातून परत पाठवला. तिनंही ती खिडकीतल्या कपाची सोसायटी सोडली. जाताना कप धुऊन बाईंच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, यात आता तुम्ही प्या. दुसरं काम मिळायला वेळ लागला. त्या काळात आम्ही काय खाल्लं ते विचारू नका.

नाक वाकडं बसलं. खोल श्वास घेतला की शिट्टी वाजते. मॅडम भेटल्या तर ऐकवीन.

राग गेला का? नाही गेला. कुणी सांगत असेल की असं काही केलं की मन शांत होतं, तर तो खोटं बोलतो. रोज सकाळी उठतो तेव्हा तो माझ्या आधी उठलेला असतो. फरक एवढाच की तो आता मला ओळखता येतो. तो कुठनं आला ते माहीत आहे. सर गिऱ्हाइकाकडं बघून हसतात, गिऱ्हाईक मला मारतं, मी हंडा मारतो, हंड्यानंतर हिरा. सगळा उताराचा रस्ता. राग त्याच रस्त्यानं जातो, कारण तो सोपा आहे. माझ्यापासून खाली तो जाणार नाही. जायचंच असेल तर वर जाईल, जिथनं आला तिथं. चढ अवघड असतो. असू दे. आम्ही डोंगरातले आहोत.

रोहन सरांची जागा पुन्हा सुरू झालीय. पोशाख नवा मागवलाय, निळा. पण आत घालायला माणूस लागतो. परवा सकाळी त्यांची गाडी पेठ नाक्यावर आली, जिथं आम्ही रोजंदारीची माणसं कामाची वाट बघत उभी असतो. ड्रायव्हरनं काच खाली केली आणि विचारलं, "उंच, मजबूत गडी आहे का कुणी? एसीत काम आहे."

सुरगाण्याकडचा एक जण पुढं झाला. नवीन होता, अंगानं दांडगा. दारावर हात टाकला त्यानं.

मी मध्ये गेलो. त्याला नाक दाखवलं. आत काय असतं ते सगळं सांगितलं, न हसता सांगितलं. बॅटच्या आतली नळी, बाहेरून बंद होणारं दार, सॉरी सर, सगळं. त्यानं दारावरचा हात काढला.

ड्रायव्हर म्हणाला, "तुझं काय जातंय रे? त्याला काम मिळत होतं."

"या नाक्यावरून माणूस मिळणार नाही," मी म्हटलं. "सरांना सांग. उद्या आलास तरी मी इथंच असेन."

काल ती गाडी माणूस शोधत द्वारका चौकात गेली होती म्हणे. आज मी द्वारका चौकात आलो आहे.